राज्यागणिक बदलणारे शस्त्रकायदे आणि प्रवासी शस्त्रधारक : अमेरिकी संघराज्यातील एक कायदेशीर पेच

सारांश

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शस्त्र बाळगण्याचा हक्क संघराज्याच्या घटनेने दिलेला आहे. परंतु हे शस्त्र घराबाहेर कसे, कोठे आणि कोणत्या परवान्याने न्यावयाचे, याचे नियम मुख्यतः घटक राज्ये ठरवितात. त्यामुळे एका राज्यात निर्दोष असलेले वर्तन सीमेपलीकडे गंभीर फौजदारी गुन्हा ठरू शकते. प्रस्तुत लेखात या विसंगतीची घटनात्मक पार्श्वभूमी, प्रवाशांना संरक्षण देण्यासाठी १९८६ मध्ये केलेली संघीय तरतूद, न्यायालयांनी तिचा लावलेला अर्थ आणि सुधारणेचे प्रयत्न यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : संघराज्य, शस्त्रपरवाना, परस्पर मान्यता, सुरक्षित वाहतूक, सक्तीची किमान शिक्षा

१. प्रस्तावना

कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही, हे फौजदारी न्यायशास्त्रातील एक जुने तत्त्व आहे. नागरिकाने मनात आणल्यास कायदा त्याला समजून घेता येतो, असे या तत्त्वात गृहीत धरलेले असते. एका गावात, एका राज्यात स्थिर राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे गृहीतक बहुधा खरे ठरते. मात्र, एकाच दिवसात चार-पाच राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते कितपत टिकते, हा प्रश्न अमेरिकेतील शस्त्रकायद्यांच्या संदर्भात वारंवार उपस्थित झाला आहे.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. जिनीव्हा येथील ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतील नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख अग्निशस्त्रे होती. ही संख्या त्या देशाच्या लोकसंख्येपेक्षा अधिक आहे. शिकार, नेमबाजीच्या स्पर्धा, घर बदलणे किंवा स्वसंरक्षण अशा निरनिराळ्या कारणांनी यांतील अनेक शस्त्रे मालकासमवेत प्रवास करतात. शस्त्रनियंत्रण कडक असावे की सैल, या वादाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे. स्वतःच्या राज्यात कायदा पाळणारा शस्त्रधारक सीमा ओलांडताच आरोपी कसा होतो आणि संघीय कायद्याचे संरक्षण त्याच्या कामी कितपत येते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

२. एक हक्क, अनेक कायदे

अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ मध्ये संमत झाली. शस्त्रे बाळगण्याचा लोकांचा हक्क तिने मान्य केला असला, तरी तो व्यक्तीचा स्वतंत्र हक्क आहे की नागरी सेनेशी निगडित आहे, हा वाद दीर्घकाळ चालला. ‘डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर’ या २००८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचे स्पष्ट केले. २०१० मध्ये ‘मॅकडोनाल्ड विरुद्ध सिटी ऑफ शिकागो’ या खटल्यात हा हक्क घटक राज्यांवरही बंधनकारक ठरविण्यात आला. पुढे जून २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क स्टेट रायफल अँड पिस्टल असोसिएशन विरुद्ध ब्रुएन’ या निकालाने घराबाहेर शस्त्र बाळगणे हाही या हक्काचा भाग मानला.

हक्क घटनेने दिला म्हणून त्याचे नियमन संघ शासनाकडे गेले, असे मात्र झाले नाही. दहाव्या दुरुस्तीनुसार संघाकडे न सोपविलेले अधिकार राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात, आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखण्याचा अधिकार हा परंपरेने राज्यांचा मानला गेला आहे. १९६८ च्या संघीय शस्त्रनियंत्रण कायद्याने विक्रेत्यांचे परवाने, आंतरराज्य विक्री आणि शस्त्र बाळगण्यास अपात्र व्यक्तींचे वर्ग निश्चित केले. पिस्तूल लपवून बाळगता येईल का, त्यासाठी परवाना लागेल का, मोटारीत ते कोठे ठेवावे, त्यात किती काडतुसे असावीत, या दैनंदिन व्यवहारातील बाबी बहुतांशी राज्यांच्या हाती राहिल्या.

भारतीय व्यवस्थेशी तुलना केल्यास हा भेद चटकन ध्यानात येतो. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे, अग्निशस्त्रे आणि दारूगोळा हा विषय संघसूचीतील पाचव्या नोंदीखाली येतो; त्यामुळे १९५९ चा शस्त्र अधिनियम संपूर्ण देशासाठी एकच आहे. याउलट मादक मद्य हा विषय राज्यसूचीतील आठव्या नोंदीखाली येतो. गोव्यात रीतसर खरेदी केलेली मद्याची बाटली महाराष्ट्राच्या हद्दीत आणताना वेगळा कायदा लागू होतो, हे कोकणातून ये-जा करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. अमेरिकेत जवळपास हीच स्थिती पिस्तुलाची आहे. फरक एवढाच की तेथे चुकीची किंमत काही वर्षांच्या तुरुंगवासात मोजावी लागू शकते.

३. परवान्याची हद्द

वाहन चालविण्याचा परवाना एका राज्याने दिला की तो इतर राज्यांत चालतो, हा अमेरिकी नागरिकाचा रोजचा अनुभव आहे. शस्त्रपरवान्याच्या बाबतीतही तसेच असेल, असा समज त्यातूनच निर्माण होतो. प्रत्यक्षात अशी राष्ट्रव्यापी मान्यता अस्तित्वात नाही. काही राज्ये इतर सर्व राज्यांचे परवाने मानतात, काही केवळ निवडक राज्यांचे मानतात, तर न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स यांसारखी राज्ये परराज्याचा परवाना आपल्या हद्दीत पिस्तूल बाळगण्यासाठी ग्राह्य धरीत नाहीत.

परस्पर मान्यतेचे हे करार स्थिरही नसतात. व्हर्जिनिया राज्याचे तत्कालीन महाअधिवक्ता मार्क हेरिंग यांनी डिसेंबर २०१५ मध्ये २५ राज्यांच्या परवान्यांना दिलेली मान्यता काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. त्या राज्यांचे परवान्याचे निकष व्हर्जिनियाच्या तुलनेत शिथिल आहेत, असे कारण देण्यात आले होते. पुढील महिन्यातच गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ आणि विधिमंडळातील विरोधक यांच्यात तडजोड होऊन हा निर्णय फिरविण्यात आला. या काही आठवड्यांत प्रवासाची आखणी करणाऱ्या शस्त्रधारकाला आपला परवाना व्हर्जिनियात चालेल की नाही, याचे उत्तर दर पंधरवड्याला नव्याने शोधावे लागले असते.

यापुढील गुंतागुंत अलीकडच्या काळातील आहे. लपवून शस्त्र बाळगण्यासाठी परवान्याची अटच काढून टाकणाऱ्या राज्यांची संख्या वाढत गेली. व्हरमाँटमध्ये अशी अट पूर्वीपासूनच नव्हती. अलास्काने २००३ मध्ये, तर ॲरिझोनाने २०१० मध्ये हा मार्ग स्वीकारला. २०२४ अखेर अशा राज्यांची संख्या २९ झाली. नागरिकाच्या दृष्टीने ही सवलत वाटते. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम असा, की ज्याने आता गरज नाही म्हणून परवाना घेतलाच नाही, त्याच्याजवळ परराज्यात दाखविण्यासारखे काहीच उरत नाही. परवान्याची अट रद्द करणाऱ्या राज्यांनी इच्छुकांना परवाने देण्याची व्यवस्था चालू ठेवली आहे, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

४. एकाच महामार्गावरील पंधरा राज्ये

या विविधतेचे चित्र एका महामार्गाच्या आधारे अधिक स्पष्ट होऊ शकेल. ‘इंटरस्टेट ९५’ हा महामार्ग दक्षिणेस फ्लोरिडात सुरू होऊन पूर्व किनाऱ्याने उत्तरेस मेन राज्यापर्यंत जातो. त्याची लांबी सुमारे १,९०० मैल असून तो १५ राज्यांतून जातो. पुढील वर्णन २०२४ अखेरच्या स्थितीवर आधारित आहे.

फ्लोरिडाने २०२३ पासून परवान्याची अट रद्द केली. त्यापुढील जॉर्जियाने २०२२ मध्ये आणि दक्षिण कॅरोलायनाने २०२४ मध्ये तसेच केले. तेव्हा फ्लोरिडातून निघालेला, परवाना नसलेला पण कायद्याने पात्र असा प्रौढ शस्त्रधारक या टप्प्यात निर्धास्त असतो. उत्तर कॅरोलायनात प्रवेश करताच पिस्तूल लपवून बाळगण्यास परवाना आवश्यक ठरतो. ते राज्य इतर राज्यांचे वैध परवाने मानते, पण परवानाच नसेल तर या औदार्याचा उपयोग नाही. मेरीलँडमध्ये परराज्याचा परवाना असूनही उपयोग होत नाही. डेलावेअर आणि पेनसिल्व्हेनिया ही राज्ये निवडक राज्यांचे परवाने मानतात. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स ही राज्ये परराज्याचा परवाना मानत नाहीत. त्यानंतर न्यू हॅम्पशायरची हद्द लागते आणि चित्र पुन्हा पालटते. तेथे २०१७ पासून आणि मेनमध्ये २०१५ पासून परवान्याची अट नाही.

मोटार तीच, माणूस तोच, पिस्तूल तेच. तरीही त्याच्या वर्तनाचे कायदेशीर स्वरूप दोन-तीन दिवसांच्या या प्रवासात अनेकदा बदलते. सीमेवर राज्याच्या स्वागताचा फलक असतो. शस्त्रकायदा बदलल्याची सूचना तेथे असेलच असे नाही.

५. संघीय संरक्षण : १९८६ ची तरतूद

या अडचणीची जाणीव अमेरिकी काँग्रेसला नव्हती असे नाही. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या स्वाक्षरीने ‘फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट’ हा कायदा अस्तित्वात आला. संघीय संहितेच्या अठराव्या शीर्षकातील कलम ९२६-अ हे त्याचेच फलित होय. प्रवासी शस्त्रधारकाला मार्गातील राज्यांच्या कायद्यांपासून संरक्षण देणे, हा या कलमाचा उद्देश आहे. त्यातील अटी पुढीलप्रमाणे मांडता येतील.

(१) प्रवासी ज्या ठिकाणाहून निघाला आणि ज्या ठिकाणी जात आहे, त्या दोन्ही ठिकाणी ते शस्त्र जवळ ठेवणे व बाळगणे त्याच्यासाठी कायदेशीर असले पाहिजे.

(२) वाहतुकीच्या काळात शस्त्र भरलेले नसावे.

(३) शस्त्र आणि काडतुसे सहज हाती येतील अशा ठिकाणी किंवा प्रवासी बसतात त्या भागातून थेट हात पोहोचेल अशा ठिकाणी ठेवलेली नसावीत.

(४) वाहनाला स्वतंत्र डिकी नसेल तर शस्त्र व काडतुसे कुलूपबंद पेटीत असावीत. डॅशबोर्डमधील खण किंवा दोन आसनांमधील कप्पा यासाठी चालत नाही.

या अटी वाचल्यावर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. हे संरक्षण केवळ वाहतुकीला आहे; स्वसंरक्षणासाठी शस्त्र अंगावर बाळगण्याला नाही. पहिल्या अटीमुळे त्याची मर्यादा आणखी आकुंचित होते. न्यू जर्सी हे केवळ वाटेतील राज्य असेल तर कलम लागू होते. न्यू जर्सी हेच गंतव्य असेल आणि तेथील परवाना नसेल, तर ते लागू होत नाही. तेव्हा प्रवासी वाटेत आहे की मुक्कामी पोहोचला आहे, यावर सारे अवलंबून राहते. आणि प्रवास म्हणजे नेमके काय, याची व्याख्या कलमात नाही. वाटेतील जेवण, रात्रीचा मुक्काम, चुकलेले विमान यांचा प्रवासात समावेश होतो का, हे ठरविण्याचे काम न्यायालयांवर आले.

६. संरक्षण कोठे संपते : काही प्रकरणे

या प्रश्नाचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उत्तर २००५ मधील एका घटनेतून मिळाले. युटा राज्यातील एक गृहस्थ विमानाने पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे निघाले होते. नियमानुसार त्यांनी पिस्तुलाची माहिती विमान कंपनीला देऊन ते कुलूपबंद पेटीत, सोबत न ठेवता सामानकक्षात दिले होते. न्यू जर्सीतील न्यूअर्क येथे पुढील विमानाची गाठ चुकली, पर्यायी बसचीही सोय साधली नाही, आणि सामान ताब्यात घेऊन त्यांना विमानतळानजीकच्या हॉटेलात रात्र काढावी लागली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर त्यांनी पुन्हा प्रामाणिकपणे शस्त्राची माहिती दिली आणि त्यांना अटक झाली. काही दिवस ते कोठडीत होते. पुढे आरोप मागे घेण्यात आले. मात्र अटकेबद्दल त्यांनी केलेला दावा फेटाळला गेला. संघीय अपील न्यायालयाच्या तिसऱ्या सर्किटने २०१० मध्ये असा निर्णय दिला, की हॉटेलातील मुक्कामात पेटी त्यांच्या हाताशी होती, त्यामुळे तिसरी अट मोडली गेली आणि संरक्षण संपुष्टात आले. हा परिणाम जाचक असल्याची जाणीव न्यायालयालाही होती; तथापि, अडकलेल्या प्रवाशाने शस्त्र तात्पुरते विमानतळावरील पोलिसांच्या स्वाधीन करावयास हवे होते, अशी त्याची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात लक्ष घालण्यास नकार दिला.

याच न्यायालयाने २०१३ मध्ये त्यापुढे जाऊन, हे कलम वाहनातून होणाऱ्या वाहतुकीपुरतेच आहे असा अर्थ लावला. पेटी हातात घेऊन विमानतळाच्या इमारतीतून चालत जाणारा प्रवासी वाहनात नसतो, हे त्यातून ओघानेच आले. न्यूयॉर्कमधील विमानतळांवर अटक झालेल्या प्रवाशांच्या दाव्यात दुसऱ्या सर्किटनेही २०१० मध्ये प्रतिकूल निकाल दिला. कलम ९२६-अ चा भंग झाला या कारणावरून नागरी हक्कांच्या कायद्याखाली पोलिसांविरुद्ध नुकसानभरपाई मागता येणार नाही, असे त्या न्यायालयाने ठरविले. या निकालांचा एकत्रित परिणाम महत्त्वाचा आहे. अटक झाल्यानंतर न्यायालयात मांडावयाचा बचाव म्हणून हे कलम उपलब्ध राहते. अटकच होऊ नये यासाठी त्याचा उपयोग अल्प आहे.

दुसऱ्या प्रकारची प्रकरणे संघीय कलमाच्या कक्षेतच न येणारी आहेत. डिसेंबर २०११ मध्ये टेनेसी राज्यातील एक परवानाधारक महिला न्यूयॉर्क येथील ११ सप्टेंबरच्या स्मारकाला भेट देण्यास गेली. शस्त्रांना मनाई असल्याचा फलक पाहून तिने आपले पिस्तूल कोठे जमा करावे, अशी विचारणा केली आणि तिला अटक करण्यात आली. ज्या गुन्ह्याचा आरोप तिच्यावर होता, त्यास किमान साडेतीन वर्षांच्या कारावासाची तरतूद होती. २०१२ मध्ये किरकोळ गुन्ह्याची कबुली आणि २०० डॉलरचा दंड यांवर प्रकरण मिटले.

ऑक्टोबर २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एक परवानाधारक महिला न्यू जर्सीत मोटार चालवीत असताना वाहतुकीच्या नियमभंगासाठी थांबविली गेली. आपल्याजवळ परवाना आणि पिस्तूल असल्याचे तिने स्वतःहून पोलिसास सांगितले. न्यू जर्सीच्या ‘ग्रेव्हज ॲक्ट’ या कायद्यानुसार अशा गुन्ह्यास सक्तीची किमान शिक्षा असल्याने तिच्यावर साडेतीन वर्षांच्या तुरुंगवासाची टांगती तलवार आली. सप्टेंबर २०१४ मध्ये राज्याच्या महाअधिवक्ता कार्यालयाने परराज्यातील परवानाधारकांसंबंधी अभियोक्त्यांना नवे मार्गदर्शन केले, त्यानंतर तिला खटल्याऐवजी सुधारणा-कार्यक्रमाचा पर्याय मिळाला. एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली.

या तिन्ही प्रकरणांत शस्त्राची माहिती प्रवाशाने स्वतःच दिली होती, हे उल्लेखनीय आहे. आपण काही गैर करीत आहोत याची कल्पना नसल्यामुळेच ते बोलले. तिन्ही प्रकरणांचा शेवट सौम्य झाला तो अभियोक्ता किंवा गव्हर्नर यांच्या विवेकाधिकारामुळे; कायद्याच्या शब्दांत तशी हमी नव्हती.

७. लहान तरतुदी, मोठे परिणाम

परवान्याचा प्रश्न सुटला तरी प्रवाशापुढील अडचणी संपत नाहीत. अनेकदा नेहमीच्या शब्दाचा कायद्यातील अर्थ राज्यागणिक वेगळा असतो. ‘भरलेले’ हा शब्द घ्यावा. सर्वसामान्य समजुतीनुसार ज्यात काडतूस आहे ते पिस्तूल भरलेले. न्यूयॉर्कच्या दंडसंहितेत मात्र पिस्तूल रिकामे असले, तरी ते बाळगणाऱ्याजवळ त्याच वेळी त्यात वापरता येण्याजोगी काडतुसे असतील, तर ते भरलेले मानले जाते. एकाच बॅगेत रिकामे पिस्तूल आणि काडतुसांची खोकी ठेवणारा प्रवासी आपण दक्षता घेतली असे समजतो. कायदा त्याला अधिक गंभीर गुन्ह्याच्या वर्गात बसवितो.

काडतुसांच्या बाबतीतही असाच फरक आढळतो. पोकळ टोकाच्या गोळ्या बहुसंख्य राज्यांत सर्रास विकल्या जातात. न्यू जर्सीत घराबाहेर त्या जवळ ठेवण्यावर कडक निर्बंध आहेत. मॅगझिनमध्ये किती काडतुसे मावावीत, याची मर्यादा कोलोरॅडोने २०१३ मध्ये १५, तर कनेक्टिकटने त्याच वर्षी १० अशी निश्चित केली. १७ काडतुसांचे मॅगझिन अनेक प्रचलित पिस्तुलांसोबत कारखान्यातूनच येते. पोलिसांनी वाहन थांबविल्यावर शस्त्राची माहिती आपणहून द्यावी की विचारल्यावर, हेही राज्यपरत्वे बदलते. मिशिगनमध्ये लपवून शस्त्र बाळगणाऱ्याने ती तत्काळ देणे बंधनकारक आहे.

संघीय कायद्यांनीही काही ठिकाणी ही गुंतागुंत वाढविली आहे. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत शस्त्र बाळगण्यास बंदी घालणारा १९९० चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केला होता. काँग्रेसने १९९६ मध्ये तो दुरुस्त करून पुन्हा आणला. ज्या राज्यात शाळा आहे त्याच राज्याने परवाना दिलेल्या व्यक्तीस यातून सूट आहे. परराज्याचा परवाना त्या राज्याने मान्य केला तरी तो ‘त्या राज्याने दिलेला’ ठरत नाही, असे संघीय यंत्रणेचे मत राहिले आहे. शस्त्र रिकामे आणि कुलूपबंद पेटीत असल्यास मात्र सूट मिळते. गावातून जाणाऱ्या बहुतेक रस्त्यांलगत कोठे ना कोठे शाळा असते, हे लक्षात घेता या तरतुदीचा आवाका ध्यानात यावा.

राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून त्या त्या राज्याचा शस्त्रकायदा लागू होतो. यलोस्टोन हे उद्यान वायोमिंग, माँटाना आणि आयडाहो या तीन राज्यांत पसरलेले आहे. म्हणजेच एका उद्यानाच्या सफरीत तीन कायदे लागू होऊ शकतात. याखेरीज उद्यानातील शासकीय इमारतींत संघीय बंदी कायम असते.

८. राज्यांची बाजू

ही सर्व चर्चा प्रवाशाच्या दृष्टिकोनातून झाली. कडक कायदे करणाऱ्या राज्यांची भूमिका समजून घेतल्याखेरीज विषयाला न्याय मिळणार नाही. न्यू जर्सी हे अमेरिकेतील सर्वाधिक दाट लोकवस्तीचे राज्य आहे. गर्दीची भुयारी रेल्वे आणि वायोमिंगमधील निर्मनुष्य कुरण यांना शस्त्रांबाबत एकच नियम लावणे शहाणपणाचे नाही, असे या राज्यांचे म्हणणे आहे. परवाना देण्याच्या निकषांतही मोठी तफावत असते. काही राज्ये प्रशिक्षण व चौकशी आवश्यक मानतात, काही मानत नाहीत. परराज्याचा परवाना मान्य करणे म्हणजे सर्वांत शिथिल राज्याचे निकष स्वतःवर लादून घेणे होय, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

शिवाय उपरोक्त इंटरस्टेट ९५ ला ‘आयर्न पाइपलाइन’ असेही म्हटले जाते. दक्षिणेकडील राज्यांत सहजी मिळणारी शस्त्रे याच मार्गाने उत्तरेतील शहरांच्या गुन्हेगारी बाजारात पोहोचतात, हे त्या नावामागील कारण आहे. रस्त्यावरील पोलिसास प्रामाणिक प्रवासी आणि शस्त्रांची चोरटी ने-आण करणारा यांच्यातील फरक पहिल्या क्षणी ओळखता येत नाही. संशयिताने केवळ ‘मी वाटेत आहे’ असे म्हटले की त्याला जाऊ द्यावे, अशी व्यवस्था कोणतेही राज्य स्वीकारणार नाही. राज्यांच्या या भूमिकेत तथ्य आहे. मात्र सक्तीच्या किमान शिक्षेमुळे न्यायाधीशालाही हा फरक पुढे विचारात घेता येत नसेल, तर भूमिकेचे समर्थन अवघड होते.

९. सुधारणेचे प्रयत्न

संघराज्याने एका वर्गासाठी हा प्रश्न यापूर्वीच सोडविला आहे. २००४ च्या ‘लॉ एन्फोर्समेंट ऑफिसर्स सेफ्टी ॲक्ट’ या कायद्यान्वये पात्र असे कार्यरत व निवृत्त पोलीस अधिकारी, काही अपवाद वगळता, सर्व राज्यांत लपवून शस्त्र बाळगू शकतात. सर्वसामान्य परवानाधारकांना अशी सवलत देणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये २३१ विरुद्ध १९८ मतांनी संमत केले. सिनेटमध्ये ते संमत झाले नाही. राज्यांच्या अधिकारांचा एरवी आग्रह धरणारे अनेक सदस्य येथे संघीय नियमाच्या बाजूने, तर संघीय नियमनाचे अनेक पुरस्कर्ते राज्यांच्या स्वायत्ततेच्या बाजूने उभे होते. संघराज्यवादाविषयीची भूमिका विषयानुरूप कशी बदलते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

न्यायालयांच्या मार्गाने झालेला बदल अधिक संथ आहे. २०२२ च्या ब्रुएन निकालाने परवाना देण्यासाठी ‘विशेष कारण’ दाखविण्याची न्यूयॉर्कची अट रद्द केली; परंतु वस्तुनिष्ठ निकषांवर आधारित परवानापद्धती अवैध ठरविली नाही. न्यूयॉर्कने त्याच वर्षी नवा कायदा करून टाइम्स स्क्वेअर, सार्वजनिक वाहतूक, उद्याने अशा अनेक ‘संवेदनशील स्थळी’ शस्त्रबंदी लागू केली. अनिवासी व्यक्तींना परवान्यासाठी अर्ज करण्याची मुभा न्यूयॉर्क शहराने २०२४ मध्ये दिली.

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायपीठाने मार्च २०२५ मध्ये दिलेले दोन निकाल या संक्रमणावर प्रकाश टाकतात. दोन्ही प्रकरणांतील आरोपी शेजारच्या न्यू हॅम्पशायरचे रहिवासी होते, आणि दोघांजवळही मॅसॅच्युसेट्सचा परवाना नव्हता. एकाचे प्रकरण २०२१ मधील होते. त्या वेळी अनिवासी व्यक्तीस परवाना देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविलेले होते, म्हणून ती पद्धती घटनाबाह्य ठरली. दुसऱ्याचे प्रकरण २०२२ च्या दुरुस्तीनंतरचे होते. आता पात्र अनिवासी व्यक्तीस परवाना देणे बंधनकारक झाले होते, म्हणून तो मागण्याची अट वैध ठरली. परवाना मिळण्याचा मार्ग खुला असेल तर राज्य तो घेण्याची सक्ती करू शकते, असा या दोन्ही निकालांचा मथितार्थ आहे. तत्त्वदृष्ट्या ही भूमिका सुसंगत आहे. परंतु सीमेलगत राहून रोज कामासाठी पलीकडे जाणाऱ्यास ती पाळता येईल, तशी ती दहा राज्यांतून एकदाच जाणाऱ्या प्रवाशास पाळता येईल का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

१०. समारोप

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, प्रवासी शस्त्रधारकाची अडचण राज्यांचे कायदे कडक असल्यामुळे जितकी निर्माण होते, त्याहून अधिक ती सीमेवर होणाऱ्या आकस्मिक बदलामुळे आणि त्याची सूचना न मिळाल्यामुळे निर्माण होते. दुसरी, १९८६ चे संघीय संरक्षण हे विनाखंड चालणाऱ्या मोटारप्रवासाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून रचलेले आहे. विमान चुकणे, हॉटेलात उतरणे, पायी चालणे या प्रवासातील नेहमीच्या घटना त्याच्या चौकटीत बसत नाहीत. तिसरी, प्रामाणिक चूक आणि गुन्हेगारी हेतू यांतील भेद करण्याचे काम कायद्याने स्वतः न करता अभियोक्त्याच्या आणि गव्हर्नरच्या विवेकावर सोडलेले आहे.

संपूर्ण देशासाठी एकच शस्त्रकायदा हा यावरील एकमेव उपाय नव्हे, आणि अमेरिकेच्या घटनात्मक परंपरेत तो सहजसाध्यही नाही. तुलनेने मर्यादित उपाय उपलब्ध आहेत. ‘प्रवास’ या संज्ञेत आवश्यक मुक्कामाचा व अपरिहार्य खंडाचा समावेश करणारी दुरुस्ती कलम ९२६-अ मध्ये करता येईल. मार्गातील वाजवी व आवश्यक फेरफार मान्य करणारी तरतूद खुद्द न्यू जर्सीच्याच कायद्यात शस्त्रवाहतुकीसंबंधी आढळते. परराज्याचा वैध परवाना असलेल्या आणि अन्य गुन्हा न केलेल्या व्यक्तीस सक्तीच्या किमान शिक्षेतून वगळता येईल. यांपैकी कोणत्याही उपायाने राज्याचा आपल्या रस्त्यांवरील अधिकार कमी होत नाही.

कायद्याचे अज्ञान ही सबब नाही, हे तत्त्व सोडून देता येणार नाही. परंतु नागरिकाने कायदा जाणावा अशी अपेक्षा ठेवणाऱ्या राज्यावर, तो जाणता येईल इतपत सुस्पष्ट ठेवण्याची जबाबदारीही येते. अमेरिकेतील शस्त्रकायद्यांच्या बाबतीत संघ आणि राज्ये या दोहोंपैकी कोणीही ही जबाबदारी पूर्णपणे पार पाडलेली नाही, आणि तिचा भार तूर्त प्रवाशालाच वाहावा लागत आहे.